गावात घोड्यांच्या नाका-घशाचा आजार फिरतोय. ग्लँडर्स म्हणतात. घोडे हलवू की नको?

तापीकाठ – बुधवार, 12 नोव्हेंबर 2025, रात्री 10:48

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो, आज लिहायची वेळ आली.

आमचं गाव तापीच्या काठी. तालुका मुद्दाम लिहीत नाही, कारण कळेलच. गल्लीत आम्ही पाच-सहा घरं घोडेवाली. कोणाची वरातीची घोडी, कोणी शौक म्हणून काठियावाडी पाळलेला, एकाचा टांगा अजून चालतो. माझ्याकडे एक नुकरा, म्हणजे पांढरी घोडी, चांदणी, आणि तिचं दीड वर्षाचं शिंगरू, सर्जा.

शेजारच्याने दिवाळीनंतर बाजारातून एक घोडी आणली. आणली तेव्हाच नाक ओलं होतं. विकणारा दलाल, म्हणजे हेडी म्हणाला, प्रवासाची सर्दी आहे, गुळाचं पाणी पाजा. आठ-दहा दिवसांत तिचं चंदी (दाणा) खाणं सुटलं, नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड यायला लागला आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. आता टांगेवाल्याचा घोडा तसाच करतोय. तिसऱ्या घरची घोडी खोकते. तिन्ही घरी नाल मारायला एकच नालबंद येतो, आणि माझ्याकडेही तोच.

काल व्हॉट्सअॅपवर आवाजाची क्लिप फिरली: ‘ग्लँडर्स आला आहे, सरकारी गाडी येणार, गावातले सगळे घोडे सुई मारून संपवणार.’ रातोरात दोन जणांनी जनावरं नातेवाइकांच्या शेतावर हलवली. भाऊ म्हणतो, आपणही चांदणीला मामाकडे पाठवू. तुळशीचं लग्न झालं, सात वरातींचा विसार घेऊन बसलोय. दत्तजयंती 4 डिसेंबरला, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सर्जाला उभा करायचा विचार होता. घोडीवर अजून कर्ज आहे.

हलवू का? नेमकं काय करू? कृपा करून खरं सांगा, धीर देऊ नका.

---

वरातवाला – रात्री 11:05

भाऊ, मी येवल्याकडचा, तीन घोड्या आहेत माझ्याकडे. स्पष्ट सांगतो. कोणाला फोन करू नको. एकदा सरकारी कागदावर नाव चढलं की संपलं. सीझनमध्ये कोण बोलावणार तुला? शेकोटी कर, ओवा-हळदीचा धूर दे, गूळ-सुंठ चार. दर थंडीत घोडी शिंकतातच.

---

रिकीब – रात्री 11:20

मी पुण्यात घोडेस्वारी शिकते, स्वतःचा घोडा नाही, त्यामुळे अधिकारवाणीने काही बोलत नाही. पण वरातवाला, ग्लँडर्स माणसांना होतो ना? मग धूर देऊन बघू म्हणणं जरा जास्तच नाही का?

---

फुकटचा_सल्ला – रात्री 11:31

घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, इथे दोन्ही व्हॉट्सअॅपनं मरणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

जुना_दफेदार – गुरुवार, पहाटे 5:10

फुकटचा सल्ला, ज्याच्या दारात जनावर उभं आहे त्याला पॉपकॉर्न सुचत नाही. असो.

तापीकाठ, सकाळ झाली की पहिलं काम: चांदणी आणि सर्जा यांची बादली, तोबरा (दाण्याची तोंडाला बांधायची पिशवी), खरारा, लगाम सगळं वेगळं करा. दोघांचंही एकमेकांत मिसळू देऊ नका. मी लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोरमध्ये होतो, मेरठला बरीच वर्षं गेली. तिथे नवीन घोडा आला की त्याला थेट पागेत कधीच घेत नसत. वेगळी लाइन, घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार वेगळा, वेगळं पाणी. घोड्याला काही झालेलं असो वा नसो. तुमच्या शेजाऱ्याने घोडी आणल्या दिवशी सामाईक हौदावर नेली असणार. नेली ना?

आणि घोडे हलवू नका. हा सल्ला नाही, हुकूम समजा.

---

तापीकाठ – सकाळी 6:40

काका, नेली. गल्लीच्या तोंडाशी एकच हौद आहे, सगळ्यांची जनावरं तिथेच पितात. बादल्या आत्ता वेगळ्या केल्या. तोबरा मात्र दोघांना एकच होता, आजवर तेच चालत आलंय.

---

डॉ_गुरंढोरं – सकाळी 7:55

पशुवैद्य आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. न बघता निदान करणार नाही, पण धाग्यावर तीन आजारांची खिचडी झाली आहे, ती निवडतो.

ग्लँडर्स हा बर्कहोल्डेरिया मॅलिआय नावाच्या जिवाणूचा आजार. घोडे, गाढवं, खेचरं यांचा. नाकातून चिकट स्राव येतो, बऱ्याचदा एकाच बाजूने. नाकपुडीच्या आत गाठी होऊन फुटतात, व्रण पडतात, बरे झाले तर चांदणीच्या आकाराचा व्रण राहतो. (तुमच्या घोडीचं नाव चांदणी आहे, माफ करा, पण उपमा हीच आहे.) जबड्याखालची ग्रंथी सुजते ती कडक, घट्ट चिकटलेली, सहसा फुटत नाही. कातडीचा प्रकार असेल तर मागच्या पायाच्या आतल्या बाजूला दोरीसारखी शीर फुगते, तिच्यावर मण्यांसारख्या गाठी येतात आणि फुटून मधासारखा पू येतो. त्याला फार्सी म्हणतात. गाढव-खेचरांत आजार झपाट्याने जीव घेतो, घोड्यात महिनोन् महिने रेंगाळतो, वरून घोडा ठीक दिसतो. लस नाही. माणसाला होऊ शकतो, आणि झाला तर चेष्टा नाही.

स्ट्रँगल्स हा स्ट्रेप्टोकोकस इक्वाय या वेगळ्या जिवाणूचा. आधी ताप, मग नाक, मग जबड्याखाली किंवा घशाजवळ गाठ, जी गरम असते, हात लावला की घोडा मान झटकतो, आणि एक-दोन आठवड्यांत पिकून फुटते. तरण्या जनावरांना जास्त. बाजार, प्रवास, नवीन घोडा या रस्त्याने येतो. बहुतेक घोडे यातून वाचतात.

तिसरा इन्फ्लुएंझा. यात गाठ नसते. कोरडा खोकला, ताप, आणि एक ते तीन दिवसांत अख्खी पागा खोकायला लागते.

तुमचं वर्णन वाचून मला दुसऱ्याचा, स्ट्रँगल्सचा, वास येतोय. पण वासावर ग्लँडर्स नाकारता येत नाही. रक्त तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, तुमचा हेडी नाही, क्लिपमधला आवाज नाही, मीही नाही.

आज करायचं ते: तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा. आणि एक थर्मामीटर घ्या.

---

वरातवाला – सकाळी 8:30

डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलं छान. पण पॉझिटिव्ह आला तर मारतात की नाही ते सांगा. त्यावर मुग गिळून का बसलात?

---

डॉ_गुरंढोरं – सकाळी 9:15

गिळलेले नाहीत, सकाळी गाईचं बाळंतपण होतं.

हो. ग्लँडर्स पक्का ठरला तर त्या जनावराला वेदना न देता मारून खोल पुरतात. उपचार करत नाहीत, कारण औषधाने बरा वाटणारा घोडाही जंतू टाकत राहू शकतो. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 खाली हे होतं. त्याच कायद्याने कळवणं आणि आजारी जनावर वेगळं बांधणं ही मालकाची जबाबदारी आहे. लंपीच्या वेळी 2022 मध्ये बैलबाजार बंद झाले, ते याच कायद्याने.

पण ‘गावातले सगळे घोडे मारणार’ ही शुद्ध थाप आहे. ज्याची चाचणी पक्की होईल तेवढंच जनावर. बाकीच्यांचे आजूबाजूच्या परिघात नमुने घेतात, ये-जा थांबवतात, पुन्हा तपासतात. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. आधी एलायझा, मग खात्रीसाठी सीएफटी, दोन्ही रक्ताच्याच चाचण्या.

भरपाई घोड्याला 25,000 रुपये, गाढव-खेचराला 16,000.

---

वरातवाला – सकाळी 9:22

25,000!! माझी एक घोडी सव्वातीन लाखाची आहे. नाचायला शिकवायला दोन वर्षं घातली. आता कळलं लोक रातोरात शेतावर का नेतात?

---

डॉ_गुरंढोरं – सकाळी 9:40

कळतं. यावर तुमच्याशी वाद नाही. रक्कम तुटपुंजी आहे आणि लपवाछपवीचं निम्मं मूळ तिथेच आहे. पण ग्लँडर्सची घोडी शेतावर नेऊन सव्वातीन लाखांची राहत नाही, आणि मामाच्या घोड्याची किंमतही सोबत बुडते.

---

वीटभट्टी_ते_जेजुरी – सकाळी 10:10

सगळे घोड्याचंच बोला. आमच्याकडं गाढवं आहेत, भट्टीवर विटा वाहतात. पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात आम्ही जातो, लांबलांबनं गाढवं येतात. तिथं कोण कोणाचं नाक बघतं? डॉक्टर म्हणाले गाढवं यानं लवकर जातात. खरंय. माझ्या आज्याच्या काळात एका वर्षी पाठोपाठ गेली असं म्हातारी सांगायची, कशानं ते कोणाला माहीत नाही. गाढव मेलं तर पंचनामा होत नाही, वाहून टाकतात. घोडेवाल्यांना निदान विचारायला जागा आहे.

---

डॉ_गुरंढोरं – सकाळी 10:25

तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ग्लँडर्स शोधायचा तर आधी गाढव-खेचरांकडे बघायला हवं, आणि होतं उलटं. तुमच्या भट्टीवर कोणाच्या नाकातून पू किंवा पायावर गाठी दिसल्या तर 1962 तुम्हालाही तितकाच लागू आहे. मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका. उघड्या हाताने तर अजिबात हलवू नका.

---

दस्तुरीनाका – दुपारी 1:50

माथेरानचा अश्वपाल. आमच्याकडे मोटार वर येत नाही, 460 च्या आसपास परवान्याचे घोडे, सगळं पोट त्यांच्यावर. एकाला लागलं की काय होईल या विचाराने कधीकधी झोप लागत नाही.

एक मात्र सांगतो, प्रत्येक खोकला रोग नसतो. आमच्या तांबड्या मातीचा धुरळा मार्चनंतर इतका असतो की घोडे आणि माणसं एका सुरात खोकतात. पण धुरळ्याने ताप येत नाही, आणि गाठ तर नाहीच. थर्मामीटरचं डॉक्टर म्हणतायत ते बरोबर. आम्ही काही जण आता रोज लावतो. सुरुवातीला बाकीचे हसले.

तापीकाठ, नालबंदाला सांगितलंत का?

---

तापीकाठ – दुपारी 3:30

सांगितलं. चिडला. म्हणे माझ्या पोटावर पाय देतोस. मग मी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, दादा, हत्यारं धुवून ये, कपडे बदल, आजारी घर शेवटी घे. बघतो म्हणाला. म्हणजे बघणार नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात फोन केला. उद्या येतो म्हणाले. हे ऐकून भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झालाय.

थर्मामीटर आणला, मेडिकलमधला डिजिटल, माणसांचाच. चांदणी 100.2. सर्जा 103.6. नाक कोरडं आहे, खातोय, उड्याही मारतोय. मग हा ताप कसला?

---

डॉ_गुरंढोरं – दुपारी 3:42

घोड्याचं नेहमीचं 99.5 ते 101.5 फॅरनहाइट. 103.6 म्हणजे ताप आहे, उड्या मारू द्या.

आता नीट वाचा, कारण धाग्यातलं सगळ्यात कामाचं हेच आहे. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो, आणि जंतू बाहेर पडायला लागतात ते साधारण दोन दिवसांनी. म्हणजे नाक वाहण्याची वाट बघितली तर उशीर. ताप दिसताक्षणी वेगळा केला तर चांदणी वाचू शकते. तुमच्याकडे आज आणि उद्या आहे. सर्जाला आत्ता हलवा, गल्लीबाहेर नाही, तुमच्याच आवारात जितका लांब बांधता येईल तितका. चांदणीचं काम आधी, सर्जाचं शेवटी. मध्ये साबणाने हात आणि कोपरापर्यंत. चपला वेगळ्या.

घरातलं उरलेलं अँटिबायोटिक टोचू नका. माहीत आहे प्रत्येकाच्या कपाटात एक बाटली असते.

---

तापीकाठ – दुपारी 3:50

आहे बाटली. ठेवली परत.

---

आजोळनाशिक – संध्याकाळी 6:15

सिडनीहून लिहितेय. 2007 च्या ऑगस्टमध्ये इथे काय झालं ते बघितलंय म्हणून राहवत नाही.

ऑस्ट्रेलियात तोवर घोड्यांचा फ्लू कधी आलाच नव्हता. बाहेरून आणलेल्या घोड्यांबरोबर तो ईस्टर्न क्रीकच्या विलगीकरण केंद्रात आला आणि तिथून बाहेर निसटला. नंतरच्या चौकशीत निघालं की तिथे ये-जा करणाऱ्या माणसांच्या आणि सामानाच्या स्वच्छतेचे नियम नीट पाळलेच जात नव्हते. भिंत, कुलूप, कागद सगळं होतं, नळाखाली हात धुणं नव्हतं. मग मेटलंडजवळ एका शनिवार-रविवारी स्पर्धा झाली, तिथे जमलेले घोडे आपापल्या घरी गेले, आणि तिथून तो राज्यभर. सरकारने घोड्यांची हालचालच गोठवली. सिडनीच्या वसंतातल्या शर्यती गेल्या. थांबेस्तोवर 70,000 हून जास्त घोड्यांना लागण झाली होती.

माझी मुलगी तेव्हा घोडेस्वारीला जायची. तिच्या क्लबच्या फाटकाशी जंतुनाशकाचं टब ठेवलेलं, प्रत्येकाने बूट बुडवायचे. पोरं कंटाळायची. पण शेवटी तो रोग देशातून गेला, पुन्हा आलेला नाही. तुमच्या सारंगखेड्याचा विचार करते तेव्हा मला मेटलंडच आठवतं. आजारी घोडा जत्रेत नेणं म्हणजे तिथून शंभर गावांना पाठवणं.

---

पंचकल्याणी – संध्याकाळी 7:02

वाचतेय. आजोळनाशिक, ‘नळाखाली हात धुणं नव्हतं’ हे वाक्य तबेल्याच्या दारावर लावायला हवं. +1 दफेदार काकांनाही.

---

फुकटचा_सल्ला – संध्याकाळी 7:40

पॉपकॉर्न ठेवून दिले. एक प्रश्न, खरा. महाराष्ट्रात ग्लँडर्स कधी होता का, की हे सगळं उत्तरेकडचं?

---

डॉ_गुरंढोरं – रात्री 9:05

होता. बरीच वर्षं देशात गप्प होता आणि 2006 मध्ये पुन्हा उगवला तो महाराष्ट्रातच. त्यानंतर उत्तरेत जास्त दिसत राहिला. तेव्हा ‘आपल्याकडे नसतो’ म्हणता येत नाही.

याच वर्षी केदारनाथच्या वाटेवर काय झालं तेही बघा. मे महिन्यात यात्रा सुरू होताच दोन दिवसांत डझनभर घोडी-खेचरं दगावली आणि जनावरांची वाहतूक 24 तास थांबवावी लागली. त्याआधी तिथे फ्लूची साथ होऊन गेली होती. निव्वळ फ्लूने घोडा क्वचित मरतो. पण छाती पोळलेली असताना त्याला चढावर ओझं ओढायला लावलं की वरून दुसरा संसर्ग बसतो. ताप जितके दिवस होता तितके आठवडे विश्रांती, हा ढोबळ नियम. वरातीच्या बँडपुढे नाचणाऱ्या घोडीलाही तोच.

---

जुना_दफेदार – रात्री 9:30

डॉक्टरसाहेबांशी सहमत, एक पुरवणी. घोडा बोलत नाही, पण चंदी बोलते. सकाळच्या रातीबात किती उरलं ते रोज एका वहीत लिहा. माझे साहेब आधी वही बघत, मग घोडा.

---

तापीकाठ – शुक्रवार, 14 नोव्हेंबर, रात्री 8:20

आज पशुधन विकास अधिकारी आले, मॅडम आहेत. हातमोजे, मास्क, सगळं घालून. गल्लीत गर्दी. शेजारी दार लावून बसला होता, त्याला वाटलं घोडी नेणार. मॅडम दाराबाहेर उभ्या राहून त्याच्याशी वीस मिनिटं बोलल्या, एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी त्याच्या आईनेच कडी काढली.

घोडीच्या नाकात टॉर्च मारून बघितलं, व्रण दिसले नाहीत. पायाच्या आत हात फिरवला, गाठी नाहीत. जबड्याखालची गाठ गरम, मऊ पडत चाललेली. टांगेवाल्याच्या घोड्याचंही तेच. रक्त घेतलं पाच जनावरांचं, आमच्या दोघांचंही, बर्फाच्या डब्यात घालून नेलं. नाकातला पूसुद्धा वेगळा घेतला. अहवाल येईस्तोवर कोणी गल्लीतून घोडं बाहेर काढायचं नाही, बाहेरचं आत आणायचं नाही. हौद रिकामा करून घासून ब्लीचिंग टाकलं, मी आणि टांगेवाल्याने मिळून.

जे दोघं घोडे शेतावर घेऊन गेले त्यांची नावं मॅडमनी विचारली. गल्ली मुकी. मी सांगितली. आज संध्याकाळी त्यातल्या एकाच्या बायकोने माझ्या आईकडे तोंड फिरवलं. तीस वर्षांचं शेजारपण आहे हो.

सर्जाचं नाक आज सुटलं. 104.1.

---

रिकीब – रात्री 8:41

तापीकाठ दादा, तुम्ही केलंत ते सोपं नव्हतं. चांदणी कशी आहे?

---

तापीकाठ – रात्री 8:44

100.4. सकाळ-संध्याकाळ घेतोय. वहीत लिहितोय, काका.

---

वरातवाला – रात्री 10:15

नावं सांगायला नको होती. एवढंच म्हणतो. वराती किती सोडल्यास?

---

तापीकाठ – रात्री 10:30

सातही. दोघांनी विसार परत मागितला, दिला. एकाने शिव्या दिल्या. एका मुलीच्या बापाने मात्र विचारलं, घोडी बरी आहे ना, आणि म्हणाला, विसार राहू दे, धाकटीचं लग्न वैशाखात आहे.

---

डॉ_गुरंढोरं – शनिवार, सकाळी 7:30

सर्जासाठी: गरम पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीन-चारदा शेक, किंवा पोटीस. गाठ पिकू द्या, स्वतः चिरू नका. कोंडा भिजवून मऊ करून द्या, गिळताना दुखतं. पाणी जमिनीवर ठेवा, मान खाली गेली की घशातलं वाहून जातं. श्वास घरघरायला लागला, मान ताठ पुढे काढून उभा राहिला तर रात्र असो वा पहाट, ताबडतोब डॉक्टर. आजाराला इंग्रजीत गळा आवळणारा म्हणतात तो उगाच नाही.

फुटल्यावर पू उघड्यावर पडू देऊ नका. जुन्या कापडात घेऊन जाळा. हा जंतू पाण्याच्या हौदात आठवडेच्या आठवडे टिकतो.

---

तापीकाठ – गुरुवार, 20 नोव्हेंबर, पहाटे 4:50

फुटली. रात्री दीडला. वाटीभर निघाला, वास अजून नाकात आहे. फुटल्यावर पाचच मिनिटांत त्याने मान खाली घातली आणि ओला कोंडा खाल्ला. भाऊ कंदील धरून उभा होता. आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, कापड इकडे दे, मी जाळतो.

अहवाल अजून नाही.

---

जुना_दफेदार – पहाटे 5:05

शाबास. आता तुम्ही झोपा.

---

तापीकाठ – सोमवार, 24 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:35

मॅडमचा फोन आला. ग्लँडर्स पाचही नमुन्यांत नाही. नाकाच्या पुवात स्ट्रेप्टोकोकस इक्वाय निघाला. म्हणजे डॉक्टरसाहेबांचा वास बरोबर.

गल्लीत पेढे वाटायची गोष्ट निघाली, मॅडमनी थांबवली. घोडे इतक्यात बाहेर काढायचे नाहीत. शेवटचा आजारी घोडा बरा झाल्यावर पुढे तीन आठवडे सगळ्यांचा ताप बघायचा. सारंगखेडा यंदा नाही. पुढच्या वर्षी.

शेतावर नेलेल्या दोघांपैकी एकाची घोडी तिथे आजारी पडली आहे, त्याच्या नातेवाइकाच्या दोन घोड्यांसकट. दुसऱ्याने त्याचा घोडा परवाच कोणालातरी विकला. कोणाला, ते सांगत नाही.

चांदणी 100.2.

---

डॉ_गुरंढोरं – संध्याकाळी 6:10

चांगली बातमी. चांदणी सुटली तर ती तुम्ही त्या दुपारी सर्जाला हलवलंत म्हणून.

दोन गोष्टी. बरे झालेले काही घोडे वरून ठणठणीत दिसतात आणि घशामागच्या पोकळीत जंतू बाळगून असतात, महिनोन् महिने. शेजाऱ्याच्या घोडीचा घसा धुऊन नमुना तपासता आला तर तपासून घ्या, बाजारातून ती तशीच आली असण्याची शक्यता मोठी आहे. आणि विकलेल्या घोड्याचं मॅडमना कळवा. तो निरोगी असेलही, पण घेणाऱ्याला सांगायला हवं.

---

वीटभट्टी_ते_जेजुरी – रात्री 8:00

तुमचं बरं झालं. आमच्या भट्टीवर 1962 ची गाडी आली होती. पहिल्यांदाच. नऊ गाढवांची नाकं बघितली. ठीक आहेत म्हणाले. एकाच्या खुरात दगड होता तो काढून दिला.

---

वरातवाला – शुक्रवार, 28 नोव्हेंबर, सकाळी 6:20

तापीकाठ, ते थर्मामीटर किती वेळ ठेवायचं? आत जाऊन अडकत नाही ना?

---

तापीकाठ – सकाळी 6:24

मागच्या टोकाला दोरा बांधा, दोऱ्याला कपड्याचा चिमटा, चिमटा शेपटीच्या केसांना. व्हॅसलीन लावा. मागे उभे राहू नका, बाजूला राहा, लाथेच्या टप्प्यात नको. बीप वाजेस्तोवर. का हो?

---

वरातवाला – सकाळी 6:41

103.2. नवी घोडी आहे. शनिवारी घेतली, स्वस्तात पडली. तुमच्याच बाजूची म्हणाला.

बाकीच्या दोघींच्या शेजारीच बांधली आहे. डॉक्टरसाहेब, आहात का?

---

डॉ_गुरंढोरं – सकाळी 6:43

आहे. आधी तिला सोडवून लांब बांधा, मग लिहा. बादली एकच आहे का तिघींना?